पृथ्वीची खतावणी आणि एका वॉटची शिल्लक

पावसाळा तोंडावर आला की परळ-भोईवाड्यातील माणूस पहिली चौकशी करतो ती हिंदमाताची. यंदा पाणी तुंबणार की नाही, तुंबले तर दादरकडे जाणारी वाहतूक किती तास अडणार, हे प्रश्न येथील शाळेतल्या शिक्षकाला, न्यायालयातील कारकुनाला आणि रुग्णालयात नातेवाईकाचा डबा घेऊन निघालेल्या गृहस्थाला सारखेच जिव्हाळ्याचे आहेत. २०२१ पासून महापालिकेने प्रमोद महाजन उद्यान आणि सेंट झेवियर मैदान यांच्या पोटात पावसाचे पाणी साठविण्याच्या टाक्या बांधल्या. त्यांचा उपयोग किती झाला, हा वाद तूर्त बाजूला ठेवू. नाले, पंप आणि टाक्या या पाणी पडून गेल्यानंतरच्या गोष्टी होत. ज्या उष्णतेच्या बळावर ते पाणी समुद्रातून उचलले जाते, त्या उष्णतेचा हिशेब कोण ठेवतो, हा त्याआधीचा प्रश्न आहे. आणि तो आज केवळ पाठ्यपुस्तकातला प्रश्न राहिलेला नाही.

असा हिशेब ठेवला जातो. तो गेली साठाहून अधिक वर्षे कृत्रिम उपग्रहांच्या साहाय्याने ठेवला जात आहे, आणि त्यातील अलीकडची शिल्लक चिंता वाटावी अशी आहे. परंतु त्याहून मोठी चिंता अशी, की ज्या वहीत ही शिल्लक लिहिली जाते ती वहीच मध्येच बंद पडण्याचा संभव निर्माण झाला आहे. या दुसऱ्या गोष्टीकडे आपल्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही.

जमा आणि खर्च

हा जमाखर्च मुळात अगदी सरळ आहे. सूर्याकडे तोंड केलेल्या एक चौरस मीटर पृष्ठावर वातावरणाच्या वरच्या सीमेशी सुमारे १,३६१ वॉट ऊर्जा येऊन पोहोचते. पृथ्वी गोल आहे आणि तिचा अर्धा भाग सदैव रात्रीत असतो. साऱ्या पृष्ठभागावर ही आवक वाटून दिली तर दर चौरस मीटरच्या वाट्याला तिचा चौथा हिस्सा, म्हणजे सुमारे ३४० वॉट येतात. ही झाली जमा. त्यांतील जवळजवळ १०० वॉट ढग, बर्फ, वाळवंटे आणि हवेतील कण यांच्यावरून जसेच्या तसे परत फिरतात. उरलेले सुमारे २४० वॉट समुद्र, जमीन आणि हवा शोषून घेतात, आणि तापलेली पृथ्वी ती उष्णता डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या रूपाने पुन्हा अवकाशात सोडून देते. हा झाला खर्च.

दोन्ही बाजूंचा मेळ बसला तर पृथ्वीचे सरासरी तापमान स्थिर राहावयाचे. मेळ बसत नाही, हीच आजची अडचण आहे. कार्बन डायॉक्साइड आणि तत्सम वायूंचे पांघरूण दाट होत गेल्यामुळे बाहेर पडणारी उष्णता अडते, आणि दर चौरस मीटरमागे सुमारे एक वॉट इतकी ऊर्जा पृथ्वीच्या खात्यावर शिल्लक पडत राहते. घरखर्चातली शिल्लक आनंदाची असते. ही शिल्लक तशी नव्हे. ही साठत जाणारी थकबाकी आहे, आणि तिचे व्याज आपल्याला उष्म्याच्या व पावसाच्या रूपाने भरावे लागते.

एक वॉट म्हणजे काय, असे कोणी विचारील. भोईवाड्यातील एखाद्या जुन्या चाळीची दोनशे चौरस मीटरची गच्ची घेतली तर तिच्यापुरती ही शिल्लक शंभर वॉटच्या दोन जुन्या दिव्यांइतकी भरते. मे महिन्यातल्या दुपारी त्याच गच्चीवर दर चौरस मीटरला नऊशे-हजार वॉट ऊन पडत असते, तेव्हा या दोन दिव्यांची ती मातब्बरी काय! मात्र ऊन संध्याकाळी उतरते आणि दिवे अहोरात्र, बारा महिने, वर्षानुवर्षे जळत राहतात. शिवाय ते एका गच्चीवर नसून ५१ कोटी चौरस किलोमीटरच्या पृष्ठभागावर आहेत. सारी बेरीज केली तर ती ५१ कोटी मेगावॉट होते. भारताची वीजनिर्मितीची स्थापित क्षमता २०२५ मध्ये ५ लाख मेगावॉटच्या पुढे गेली. म्हणजे ही शिल्लक तिच्या जवळपास हजारपट आहे. सारी मानवजात कोळसा, तेल, वायू, वीज अशा सर्व मार्गांनी मिळून जेवढी ऊर्जा वापरते, तिच्याही ती सुमारे पंचवीसपट भरते.

शेतापासून अंतराळापर्यंत

हा हिशेब मांडण्याची सुरुवात आकाशात झाली नाही; ती शेतात झाली. पुण्यात १९३२ मध्ये सुरू झालेल्या कृषी हवामान विभागाचे प्रमुख एल. ए. रामदास यांनी जमिनीलगतच्या हवेत उष्णतेची देवघेव कशी होते याचा बारकाईने अभ्यास केला. स्वच्छ, शांत रात्री सर्वांत थंड हवा जमिनीला चिकटून नसते, तर वीतभर-हातभर वर असते, हे त्यांचे निरीक्षण आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. पुढे अमेरिकेत व्हर्नर सुओमी या फिनिश वंशाच्या शास्त्रज्ञाने मक्याच्या शेताच्या उष्णतेच्या ताळेबंदावर आपला प्रबंध लिहिला. शेताचा जो हिशेब मांडता येतो तो साऱ्या पृथ्वीचा का मांडता येऊ नये, असा विचार त्यांनी पुढे नेला. १३ ऑक्टोबर १९५९ रोजी सोडलेल्या ‘एक्स्प्लोरर-७’ या उपग्रहावर त्यांची काळी व पांढरी अर्धगोलाकार उपकरणे होती. काळ्या उपकरणाने ऊन आणि उष्णता दोन्ही शोषावयाचे, पांढऱ्याने ऊन परतवून केवळ उष्णता घ्यावयाची, आणि दोहोंच्या तापमानांतील फरकावरून हिशेब काढावयाचा, अशी ती साधी युक्ती होती. पहिल्या दशकातील अशा वेधांनीच दाखवून दिले की पृथ्वी पूर्वी समजत होते त्यापेक्षा अधिक काळसर आहे, म्हणजेच ती अधिक ऊन पचविते.

त्यानंतर १९७५ व १९७८ मध्ये ‘निंबस’ मालिकेतील उपग्रह गेले. ऑक्टोबर १९८४ मध्ये चॅलेंजर यानातून केवळ याच कामासाठी बांधलेला ‘ईआरबीएस’ हा उपग्रह सोडण्यात आला. आजची मुख्य खतावणी ‘सेरेस’ या नावाच्या उपकरणांची आहे. डिसेंबर १९९९ मधील ‘टेरा’, मे २००२ मधील ‘अ‍ॅक्वा’ आणि त्यानंतर २०११ व २०१७ मधील दोन उपग्रह यांच्यावर ती बसविली आहेत. त्यांतील एक तरंगपट्टा परतलेले ऊन मोजतो, दुसरा ऊन व उष्णता यांची बेरीज मोजतो. एकातून दुसरे वजा केले की बाहेर पडलेली उष्णता हाती येते. उपकरण आपल्यापाशी ठरावीक तापमानाचा काळा पृष्ठभाग बाळगते आणि त्यावरून आपली मापे वरचेवर तपासून घेते.

तागडी आणि तिची चूक

येथे हिशेबनिसाला चटकन कळेल अशी एक अडचण उभी राहते. ३४० रुपयांची जमा आणि ३३९ रुपयांचा खर्च यांतून एका रुपयाची शिल्लक काढावयाची आहे. परंतु ज्या तागडीने जिन्नस तोलले तिच्यातच शेकडा एकाची चूक असेल तर ती चूक तीन रुपयांच्या वर जाते. मग त्या एका रुपयावर विश्वास कसा ठेवावा? उपग्रहांचे नेमके हेच आहे. त्यांच्या मूळ आकड्यांत निव्वळ फरक चार वॉटच्या आसपास येतो आणि तो खरा नाही, हे शास्त्रज्ञांना ठाऊक आहे. शिवाय उपग्रहाला एका वेळी एकाच दिशेने आलेला प्रकाश दिसतो. सर्व दिशांना किती गेला असेल, हे त्यावरून ताडावे लागते.

यावर तोड निघाली ती समुद्रातून. साठणाऱ्या उष्णतेपैकी सुमारे ९० टक्के महासागरात मुरते. जगातील समुद्रांत आज ‘आर्गो’ योजनेचे सुमारे चार हजार तरंगते मापक दर दहा दिवसांनी दोन हजार मीटर खोलवर बुडी मारून पाण्याचे तापमान टिपतात. भारतही हैदराबादच्या महासागर माहिती केंद्रामार्फत त्यात सहभागी आहे. या मापकांवरून दहा वर्षांची सरासरी शिल्लक दर चौरस मीटरला ०.७१ वॉट अशी निघाली आणि उपग्रहांची तागडी त्या आकड्याशी जुळवून घेण्यात आली.

मग उपग्रहांचे श्रेय ते काय, अशी शंका येईल. त्याचे उत्तर असे की तागडीची चूक मोठी असली तरी ती स्थिर आहे. पाच रुपयांनी चुकणारी तागडी रोज पाचच रुपयांनी चुकत असेल, तर कालच्यापेक्षा आज किती वाढले हे ती अचूक सांगते. समुद्रातील मापक एकूण रक्कम चांगली सांगतात, उपग्रह तिच्यातील चढउतार महिन्यामहिन्याला सांगतात. दोन स्वतंत्र कारकुनांनी दोन वेगळ्या वह्या लिहिल्या आणि त्यांचा मेळ बसला, तर त्या हिशेबावर संशय घेण्यास जागा उरत नाही.

असा मेळ बसला आहे. नॉर्मन लोब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दाखविले की २००५ ते २०१९ या चौदा वर्षांत ही शिल्लक जवळजवळ दुप्पट झाली, आणि उपग्रह व समुद्र या दोन्ही वह्या तेच सांगतात. २०२३ साली ती १.८ वॉटपर्यंत चढली. वाढीचे मुख्य कारणही उपग्रहांनीच दाखविले: पृथ्वी पूर्वीपेक्षा कमी ऊन परतवीत आहे. समुद्रावरील ढग कमी झाले आहेत आणि ध्रुवाकडील बर्फ आटले आहे. त्यात आणखी एका गोष्टीचा वाटा असावा असे काही शास्त्रज्ञ मानतात. जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातील गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आणली गेली. मुंबई बंदराबाहेर नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजांच्या धुराने बंदराकाठच्या वस्तीचे आरोग्य बिघडत होते. ते कमी होणे सर्वथा इष्टच. परंतु तेच गंधकाचे कण ढगांना अधिक पांढरे करून थोडे ऊन परतवीत होते. धूर निवळला तशी आजवर झाकली गेलेली थकबाकी उघडी पडू लागली. त्यामुळे उद्या पुन्हा धूर सोडावा असे कोणी म्हणणार नाही. पण या कारणाचा वाटा नेमका किती, हे ठरविण्यास अखंड मोजणीखेरीज दुसरा मार्ग नाही.

अरबी समुद्राचे व्याज

मुंबईकराला याचे सोयरसुतक काय, तर ही उष्णता ज्या समुद्रात मुरते त्यांत आपला अरबी समुद्रही आहे. उबदार पाण्यावरची हवा अधिक बाष्प धरते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की मध्य भारतातील विस्तृत प्रदेशांवर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या, आणि त्यांना लागणाऱ्या बाष्पाचा पुरवठा अरबी समुद्रातून वाढला होता. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, १७ मे २०२१ ला ‘तौक्ते’ चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले. यांपैकी एखाद्या घटनेचे बिल थेट त्या एका वॉटच्या नावे फाडणे शास्त्राला धरून होणार नाही. परंतु ज्या खात्यातून असा खर्च निघतो त्यातील रक्कम वाढते आहे, एवढे निःसंशय म्हणता येते. हिंदमाताच्या टाक्या किती मोठ्या असाव्यात याचे उत्तर मागील पन्नास वर्षांच्या पावसावरून काढावयाचे की पुढील पन्नास वर्षांच्या, हा प्रश्न अखेरीस याच खतावणीपाशी येऊन ठेपतो.

कुलाब्याने घालून दिलेला धडा

आता वही बंद पडण्याच्या धोक्याकडे वळू. ‘टेरा’ आणि ‘अ‍ॅक्वा’ या दोन्ही उपग्रहांनी वीस वर्षांहून अधिक सेवा केली आहे. इंधन संपत आल्याने त्यांच्या कक्षा पूर्वीसारख्या राखल्या जात नाहीत आणि त्यांची अखेर दृष्टिपथात आहे. ‘लिबेरा’ नावाचे नवे उपकरण पुढील अमेरिकी उपग्रहावर पाठविण्याची योजना आहे. पण २०२५ मध्ये तेथील प्रशासनाने नासाच्या पृथ्वीविज्ञानाच्या खर्चात फार मोठी कपात सुचविली होती, हेही विसरता येत नाही. जगाची खतावणी एका देशाच्या अंदाजपत्रकावर अवलंबून असणे हे कोणत्याही काळात धोक्याचेच.

जुने उपकरण बंद पडण्यापूर्वी नवे वर जाणे अगत्याचे असते, कारण तागडी बदलली की तिची चूकही बदलते. दोन्ही तागड्यांनी काही काळ एकच जिन्नस तोलला तरच जुने व नवे आकडे एका ओळीत मांडता येतात. मध्ये खंड पडला तर नव्या वहीचा जुन्या वहीशी संबंध लावता येत नाही. असा अनुभव एकदा येऊन गेला आहे. ‘ईआरबीएस’वरील बारकाईने वेध घेणारे उपकरण १९९० मध्ये निकामी झाले; त्या दशकात तशा प्रतीचे वेध तुटकतुटकच मिळाले.

याबाबतीत धडा घ्यावयास मुंबईकराला दूर जाण्याचे कारण नाही. कुलाबा वेधशाळेत १८४० च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेची ट्राम येणार हे निश्चित झाले, आणि तिच्या विद्युत्प्रवाहाने या नोंदी बिघडणार हेही स्पष्ट झाले. तेव्हा वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी समुद्रापलीकडे अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभारली. परंतु अलिबाग सुरू झाले म्हणून कुलाबा लगेच बंद केले नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. १९०७ मध्ये विजेची ट्राम धावू लागली, ३१ मार्च १९६४ ला दादरपर्यंत शेवटची फेरी करून ती कायमची थांबलीही; कुलाबा-अलिबागची नोंदमाला मात्र अखंड चालू आहे. सप्टेंबर १८५९ मधील प्रचंड सौर वादळाची कुलाब्याची नोंद २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी पुन्हा उघडली आणि त्या वादळाच्या तीव्रतेचे मोजमाप केले. जो कारकून ती नोंद करीत होता त्याला आपल्या आकड्यांचा उपयोग १४४ वर्षांनी होईल याची कल्पना असण्याचे कारण नव्हते. त्याने आपले रोजचे काम नीट केले, इतकेच.

भारताची जबाबदारी

या क्षेत्रात भारत नवखा नाही. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकीय वर्षात पुण्याच्या हवामान खात्यातील अ‍ॅना मणी यांनी देशभर सौर प्रारण मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभे केले आणि त्यांची उपकरणे येथेच तयार व्हावीत असा आग्रह धरला. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेली त्यांची सौर प्रारणाची आकडेवारी पुढे सौरऊर्जेच्या कामी आली. २००२ मध्ये सोडलेल्या आणि पुढे कल्पना चावला यांचे नाव दिलेल्या ‘कल्पना-१’ या उपग्रहाच्या वेधांवरून पुण्यातच बाहेर पडणाऱ्या उष्णतेची माहितीमाला तयार झाली. ढगाचा माथा जितका उंच तितका तो थंड आणि तितकी तेथून उष्णता कमी बाहेर पडते. त्यावरून मोसमी पावसाचा मागोवा घेता येतो. मात्र असे उपग्रह मोजक्या तरंगपट्ट्यांवरून साऱ्या उष्णतेचा अंदाज बांधतात. एका वॉटच्या हिशेबाला ते पुरेसे नाही.

ते काम करणारे उपकरणही भारतीय उपग्रहावरून गेले होते. १२ ऑक्टोबर २०११ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या ‘मेघा-ट्रॉपिक्स’ या भारत-फ्रान्स उपग्रहावर ‘स्कॅरॅब’ नावाचे फ्रेंच उपकरण होते. विषुववृत्ताशी २० अंशांचा कोन करणाऱ्या कक्षेतून ते उष्ण कटिबंधाचे वेध दिवसातून अनेकदा घेई. तीन वर्षांसाठी नेमलेल्या या उपग्रहाने सुमारे दहा वर्षे काम केले आणि ७ मार्च २०२३ ला त्याला नियंत्रितपणे प्रशांत महासागरावर उतरवून नष्ट करण्यात आले. त्याची जागा घेणारे तसे उपकरण आपण वर पाठविलेले नाही. कुलाब्याने जी दक्षता ट्रामच्या बाबतीत दाखविली ती आपण येथे दाखविली नाही, असे खेदाने म्हणावे लागते.

गरिबीचे प्रश्न समोर असता हा खर्च कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. आक्षेप प्रामाणिक आहे. पण चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ यान उतरविणाऱ्या देशाला एक प्रारणमापक जड जाऊ नये. मोजून तरी काय होणार, पांघरूण दाट केले ते प्रामुख्याने श्रीमंत देशांनी, असाही दुसरा युक्तिवाद आहे. तो बव्हंशी खरा आहे, आणि म्हणूनच आपली स्वतःची वही असली पाहिजे. आंतरराष्ट्रीय परिषदांत आपण न्यायाची मागणी करतो. ज्याच्याकडून येणे आहे त्याच्याच वहीवर विसंबून कोणी दावा लावीत नाही, हे भोईवाड्याच्या न्यायालयाबाहेर बसणारा टंकलेखकही सांगेल.

केंद्र सरकारने आणि अंतराळ संशोधन संस्थेने ‘मेघा-ट्रॉपिक्स’चे काम पुढे नेणारे उपकरण आखावे, ते ‘सेरेस’ची उपकरणे चालू असतानाच वर पाठवावे, आणि दोन्ही मालिकांचा मेळ घालण्याचे काम पुण्याच्या संस्थेकडे सोपवावे, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही. हिंदमाताचे पाणी त्यामुळे ओसरणार नाही, हे उघड आहे. परंतु थकबाकी किती आणि ती कोणत्या वेगाने वाढते, हे ठाऊक नसताना फेडीच्या गोष्टी करण्यात अर्थ नसतो. वहीचे एखादे पान हरवले तर ते मागाहून लिहिता येत नाही.